दारामागची तार आणि भिंतीवरची चौकट

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही दारामागच्या खिळ्याला टांगलेले आहात. पाहुणे आले की दार उघडतं आणि तुम्ही त्याच्याआड झाकले जाता. समोरच्या भिंतीवर मात्र काचेची एक चौकट ऐटीत बसली आहे, आणि सगळे तिच्याकडेच पाहतात. जमलं? मग आता माझं ऐका.

मी एक जुनी तार आहे, पावत्या टोचून ठेवायची. सायकली दुरुस्त करणाऱ्या बाबांनी चाकातली तुटकी तार वाकवून मला घडवलं. खाली लाकडाची चकती बसवली, वरचं टोक घासून अणकुचीदार केलं. "हिच्यातून कागद सुटायचा नाही," ते म्हणाले. माझं कौतुक काय ते तेवढंच.

विजेची बिलं, औषधांच्या पावत्या, सगळं मी पोटात घेतलं. ताई कॉलेजात गेली तेव्हा तिच्या फीची पावती आणि पुस्तकांची बिलंही माझ्याकडेच आली. पण शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आलं, ते काही माझ्या वाट्याला आलं नाही! त्याच्यासाठी बाजारातून चौकट आणली. आई रोज मऊ फडक्याने तिची काच पुसायची. मला गंज चढला तरी कुणाला पत्ता नव्हता.

मी जळायचे. खोटं कशाला बोलू? चौकटीचा खिळा निसटावा, असंही मनात यायचं.

घरात आणखी एक जण जळत होतं. ताईची धाकटी बहीण, टिकली. "ताईसारखी हो हं!" असं कुणी म्हटलं की ती गाल फुगवून माझ्याजवळ, दारामागे येऊन बसायची. एकदा तिने माझ्यातला एक कागद हळूच ओढला. त्याच्या कोऱ्या पाठीवर खडूने मोठी चांदणी काढली, खाली लिहिलं 'टिकलीला पहिलं बक्षीस', आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ही गोष्ट फक्त तिला ठाऊक आणि मला.

पुढे ताईचं कराचं विवरणपत्र भरायची वेळ आली. मामा त्याच कामातले. त्यांनी आधी पत्र मागितलं. चौकट उतरली, काच निघाली, पत्र बाहेर आलं. मला गुदगुल्या झाल्या.

"हे बघ," मामा ताईला म्हणाले, "आपल्या देशात शिष्यवृत्तीवर कर नसतो, पण इथे नियम वेगळा. यातले जे पैसे फीला आणि पुस्तकांना गेले, त्यांच्यावर कर नाही. खोलीच्या भाड्याला गेले, ते तुझं उत्पन्न. आण फीची पावती."

बाबांनी मला टेबलावर ठेवलं. चौकटीच्या शेजारी! पुस्तकांची बिलं सापडली. फीची पावती मात्र नव्हती.

"असं कसं? पाय फुटले का तिला?" बाबा गोंधळले.

"पावती नसेल तर फीचे पैसेही उत्पन्नात धरावे लागतील," मामा म्हणाले. "दुसरी प्रत मिळाली असती, पण कॉलेजला सुट्टी आहे. आणि मुदत परवा संपते."

"एवढा कर भरला तर भाड्याला काय उरणार?" ताई म्हणाली. "खोली सोडली की कॉलेजही सुटलं."

मित्रांनो, तेव्हा मी शेजारी पाहिलं. चौकट रिकामी होती. माझ्यातल्या पावतीवाचून तिच्यातलं पत्र लंगडं होतं. म्हणून सांगते, मिरवायचे कागद जपता, तसे साधेही जपा. आणि घरातल्या धाकट्यांकडेही लक्ष असू द्या. कौतुक मिळालं नाही की तारच काय, माणूसही गंजतं.

टिकली दाराशी उभी होती. ती कपाटाकडे गेली. नखाने हळूहळू सोलत तिने कागद सोडवला आणि मामांपुढे ठेवला, पावतीची बाजू वर करून.

"अगं, हीच की!" मामा ओरडले.

ताईने कागद उलटला. चांदणीकडे बराच वेळ पाहिलं. टिकलीने मान खाली घातली.

"मला आधी का नाही दाखवलंस गं?" ताई म्हणाली. "पत्र आता फायलीत राहणार. चौकट रिकामी आहे बघ."

मला पुन्हा जरासा हेवा वाटला. टिकलीने चौकटीकडे पाहिलं, वहीतला एक कोरा कागद फाडला आणि खडूंचा डबा उघडला.