उघडं बोट

"काकू, संशोधनपत्रिकेने आपला पेपर घेतला! फक्त एक प्रयोग पुन्हा करून मागितलाय, शुक्रवारपर्यंत," म्हणत पोरगी प्रयोगशाळेत नाचतच शिरली.

काकू पेशींना खाद्य घालत होत्या. बावीस वर्षं हेच काम. पेशी वाढवायच्या, जगवायच्या आणि मागेल त्याच्या हाती द्यायच्या. पोरगी संशोधनाला आली त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. विषाणू शिरला की पेशीतले इवलेसे मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांना लगाम घालणारे तुकडे, कमीजास्त होतात. ते नेमके कधी, हे काही केल्या तिला सापडेना. "अगं, चोवीस तासांनी काय बघतेस? तोवर निम्म्या पेशी मरतात. सहाव्या तासाला बघ," हे काकूंनी सांगितलं. सहाव्या तासाला एक मायक्रोआरएनए धाडकन खाली आलेला दिसला! आणि पेपरवर नाव पोरीचं नि प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचं. काकू आभारातसुद्धा नाहीत. हल्ली सर तिच्याशी खुर्ची ओढून बोलत, काकूंशी मात्र उभ्या उभ्याच.

"आरएनए तुम्हीच काढा हं, तुमच्या हाताला यश आहे," म्हणून पोरगी सरांकडे पळाली.

राबायचं आपण, यश तिला! आयत्या बिळावर नागोबा! काकूंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माणसाच्या कातडीवर आरएनए खाणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. म्हणून हातमोज्याशिवाय नळीला शिवायचं नाही, हे पोरीला काकूंनीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरीने भल्या सकाळी पेशींत विषाणू घातला आणि सहा तासांनी काकूंनी आरएनए काढला. मग उजवा मोजा उतरवला, लागण झालेल्या पेशींच्या तिन्ही नळ्यांच्या टोपणात बोट फिरवलं आणि नळ्या हलवल्या.

दुपारी यंत्राने आरएनएचा नुसता चुरा दाखवला. पोरगी मटकन बसली. "विषाणू मीच घातला ना, माझंच काहीतरी चुकलं." ती हमसून हमसून रडायला लागली.

काकूंना ते बघवेना. "तुझं नाही चुकलं. मी उघड्या बोटाने नळ्यांना शिवले."

"तुम्ही? तुमची एक नळी कधी वाया गेली नाही! मला पाठीशी घालायला खोटं नका बोलू."

"खोटं नाही गं. मुद्दाम केलं. जळले मी तुझ्यावर."

"पुरे हं, काकू!" पोरगी डोळे पुसत हसली. तिने काकूंचा तोच हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "असं कोण करतं कुणासाठी? पेपरवर तुमचं नाव घालायलाच हवं. सरांना सांगून आलेच."

"अगं, ऐक तरी…"

ती गेलीसुद्धा. काकूंनी हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. मग मोज्यावर आणखी एक मोजा चढवला आणि उद्याच्या प्रयोगासाठी पेशींची नवी ताटली काढली.