सारवलेला गोल

धनजच्या मैदानावर त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी लोटली होती. एकेकाळी रेल्वेच्या हॉकी संघातून देशभर खेळलेले, आता गुडघे धरून चालणारे खेळाडू गावात आले म्हटल्यावर लोटणारच की. सामना होता तो गावाला ॲम्ब्युलन्स मिळावी म्हणून. मागच्या वर्षी याच मैदानावर, पश्चिमेच्या गोलात उभा असताना विनोद छाती धरून खाली बसला, आणि गाडी येईस्तोवर सारं आटोपलं होतं. विनोद म्हणजे उदयसिंगचा एकुलता एक मुलगा.

उदयसिंग स्वतः रेल्वेचा गोलकीपर. जुन्या साथीदारांनी गळ घातली, तेव्हा तो एका अटीवर तयार झाला. "मी पूर्वेच्या गोलात उभा राहीन. तिकडं पाय नाही ठेवनार." आता काय म्हणावं या माणसाला! मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, अन् उभी हयात हॉकीत घालवलेला हा गडी नेमकं तेवढंच विसरला. दुःख अशी अक्कल खातं माणसाची.

चेंडू समोरच्या गोलाकडे गेला की तो मान खाली घाली. त्यामुळे लोक तिकडे पाहून का हसतात, हेही त्याला कळलं नाही. समोरचा गोलकीपर, त्याचा जिवाभावाचा दोस्त रतनसिंग, गोल सोडून बराच पुढं उभा राहत होता आणि चेंडू त्याच्यामागून आरामात आत जात होते. "म्हातारा झोपून राह्यला काय?" कोणीतरी हाळी दिली.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा उदयसिंगच्या ध्यानात आलं. हातमोजे काढून तो घरी निघालाच होता, तर रतनसिंगनं येऊन दंड धरला.

"एकडाव पाहून घे. मंग खुशाल जाय."

"काहून छळतं रे मले?"

रतनसिंग त्याला पश्चिमेच्या गोलाकडे घेऊनच गेला.

गोलाच्या तोंडाची जमीन शेणानं सारवलेली होती. सारवणावर बोटांचे अर्धगोल उलटीकडे वळलेले, डावखुऱ्या बाईचे. उदयसिंगच्या घरचं अंगण असंच दिसे. माणूस जिथं जीव सोडतो ती जागा सारवून तिथं दिवा ठेवावा लागतो. पण मैदान पडलं साऱ्या गावाचं, विनोदची जागा तशीच राहिली होती. आज त्या जागेवर पाय पडणार, म्हणून उदयसिंगची बायको गोमतीबाई सकाळीच येऊन सारवून गेली होती, नवऱ्याला एका शब्दानं न सांगता. खांबाआड विझलेली पणती होती.

"यावर बूट घालून कसा उभा राहू?" रतनसिंग म्हणाला. "हसू दे लोकायले."

उदयसिंगला रडू फुटलं. भर मैदानात तो रडला, आणि त्याला लाज वाटली नाही. पोराला हॉकी आपण शिकवली, म्हणून गोमती मनातून आपल्यालाच बोल लावते, असं तो वर्षभर धरून बसला होता. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. तरी पाऊल उचलेना.

गोलामागं बाभळीखाली गोमतीबाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. ती उठून जवळ आली.

"जा ना," ती म्हणाली. "त्याची जागा तुमी नाही राखसान, तं कोन राखन?"

उदयसिंग अनवाणी आत गेला आणि गोलात उभा राहिला.