मखमलीची पट्टी

तपासणीला आलेल्या साहेबांनी रंगमंचाच्या पडद्याच्या खालच्या शिवणीतून बोटभर पट्टी कातरली, चिमट्यात धरली आणि तिला लायटर लावला. लायटर दूर नेला की कापड आपोआप विझायला हवं, अग्निशमन दलाचा नियमच तसा.

ते विझलं नाही. मखमल जळत जळत चिमट्यापर्यंत आली, तेव्हा साहेबांनी ती वाळूच्या बादलीत टाकली.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने वाकून बादलीत पाहिलं. बाहेर पडायचे दरवाजे, विंगेतल्या वायरी, सगळं त्याने जिवाचं रान करून नियमात बसवलं होतं. मालक तर टपूनच बसले होते. या खेपेला परवाना हुकला की जागा गोदामाला. आणि पडद्याला आग न धरणारं औषध त्याने स्वतः शिडीवर चढून मारलं होतं, कंबरेचा काटा ढिला होईस्तोवर.

"औषध मारलं होतंत ना? मग नंतर धुतलात की काय? पाण्यानं सगळं उतरतं ते."

"छे हो, एवढा पडदा कोण धुतंय," म्हणता म्हणता तो अडखळला. पडद्याला साबणाचा वास येत होता. गेल्या आठवड्यात तो आजारी बहिणीकडे गेला होता. परत आला तेव्हा बायकोचे हात सोलवटलेले होते आणि काय झालं विचारल्यावर ती गालातल्या गालात हसली होती.

तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीवरून उठून तीच चहा घेऊन आली.

"घ्या साहेब. पडदा कसा उजळलाय, बघितलात?"

साहेबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. ते काही बोलणार, तोच व्यवस्थापक मध्ये पडला.

"औषध मीच कमी मारलं, साहेब. तसंच लिहा."

साहेबांनी पुन्हा एकदा तिच्या हातांकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

"पुन्हा तपासणी?" त्याने विचारलं.

"मालकांनी अर्ज केला तर."

मालक अर्ज करणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होतं.

साहेब गेल्यावर ती मटकन पायरीवर बसली.

"एवढं एक काम होतं हो तुमच्याकडे. त्यातही अंगचोरपणा केलात?"

"चुकलंच माझं."

"नशीब, मी पडदा तरी धुवून ठेवला. नाहीतर घाणेरडा म्हणूनही नावं ठेवून गेले असते."

"हो ना," तो म्हणाला, आणि रंगमंचावरचे दिवे एकेक करून मालवू लागला.