पाचवा तुकडा

उमाला रडू द्यायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

पाच महिन्यांची होती ती. जन्मापासून हृदयात छिद्र. जास्त रडली की आधी ओठ, मग नखं, मग कानाच्या पाळ्या जांभळाच्या सालीसारख्या व्हायच्या. तसं झालं की गुडघे तिच्या पोटाशी दाबून धरायचे आणि कसंही करून शांत करायचं. शांत करायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, अंगावरचं दूध.

मुंबईच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. उमाचे बाबा, गजानन, चार दिवस आधीच तिकडे गेले होते. रात्रभर रेल्वेचे हिसके नकोत, असं जालन्याच्या डॉक्टरांचं म्हणणं. "पाऊण तासाचं विमान आहे. चिठ्ठी देतो, घेऊन जा," म्हणाले. म्हणून औरंगाबादहून विमान. सोबत माझ्या सासूबाई, दुर्गाबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. विमान आम्ही दोघींनीही पाहिलेलं ते अंगणातूनच, डोळ्यांवर हात धरून.

त्या दिवशी आत्याबाईंनी पहाटे ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या, वर मीठ-मिरची चोळली, तुकडे केले आणि फडक्यात बांधले. आमच्याकडे तान्हं मूल पहिल्यांदा गावाची शीव किंवा नदी ओलांडतं तेव्हा भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकतात. टाकला की मागे बघायचं नाही. कुत्र्याने खावा, कावळ्याने खावा. घरातल्या माणसाने मात्र तो कधीच खायचा नाही. बाळाची पीडा त्यात उतरलेली असते.

दुसराही एक नियम होता. शीव ओलांडताना मुलाला पाजायचं नाही.

याला मी हसले असते. पण आत्याबाईंचा पहिला मुलगा, गजाननच्या आधीचा, राजूरच्या वाटेवर बैलगाडीतच दगावला होता. शिवेच्या दगडापाशी चाक आदळलं तेव्हा तो अंगावर पीत होता. ठसका लागला तो लागलाच. एवढ्या वर्षांत त्या याबद्दल माझ्याशी एकदाच बोलल्या होत्या, उमा पोटात असताना. "मला ठावं न्हवतं गं शीव कुठं लागती ते. मी पाजूनच राह्यले." जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी माझा हात उमाच्या टाळूवर ठेवला आणि शब्द घेतला. मी दिला.

जीपच्या वाटेवर दुधना नदीपासून एकेक तुकडा खिडकीतून गेला. पाच विमानासाठी राखले होते. उठताना एक, गंगेचा एक, घाटाचा एक, समुद्राचा एक, उतरताना एक. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

विमानतळावर खाकी पोशाखातल्या माणसाने फडकं उघडायला लावलं.

"ये क्या है?"

"भाकर है," आत्याबाई म्हणाल्या. "तेरेको होना क्या?"

तो हसला आणि जाऊ दिलं. उन्हात उभं असलेलं विमान मला एसटीच्या डेपोतल्या जुन्या गाडीसारखं दिसलं. पंखाखाली तेलाचा काळा ओघळ होता. आत खुर्चीच्या हातात सिगारेटची राख झाडायची डबी, झाकण तुटलेलं. माझ्या पट्ट्याचे दोरे निघालेले. मी खुर्ची सरळ केली की ती आपोआप मागे पडायची.

खिडकीशी अण्णासाहेब नावाचे एक गृहस्थ बसले होते. जुन्या जालन्यात बियाण्यांचं दुकान, महिन्यातून दोनदा मुंबई. मध्ये आत्याबाई, कडेला मी, मांडीवर उमा.

"मावशी, पह्यलीच बारी का?" त्यांनी विचारलं.

"पह्यली आन् शेवटची," आत्याबाई म्हणाल्या. "ही काच कशी उघडती?"

"उघडत न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"उघडली तर आपणच बाहेर जाऊ, मावशी."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. फडक्यातले पाच तुकडे त्यांच्या मांडीवर होते आणि टाकायला जागाच नव्हती. इतकी तयारी, पण काच उघडत नसेल हे आम्हा दोघींच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या फटींतून पांढरा धूर यायला लागला. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली असती. उमा दचकेल म्हणून मी ओठ चावला.

"धूर न्हाई ताई, एसीची वाफ हाय," अण्णासाहेब म्हणाले. "जुनं गाडगं हाय हे. असंच फुसफुसतं."

मग तो आवाज सुरू झाला. खालून, पायांतून, दातांतून. विमान धावायला लागलं तशी डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यांची सगळी झाकणं खडखडू लागली. आत्याबाईंनी पहिला तुकडा काढला, उमावरून तीनदा फिरवला आणि हात तसाच हवेत राहिला.

समोरच्या खिशात कागदी पिशव्या होत्या. अण्णासाहेबांनी त्यातली एक ओढून त्यांच्यापुढे धरली. "यात टाका. ओकायसाठी अस्ती. पण पीडा काय, अन् ओकारी काय, बाहेरच टाकायची ना?"

आत्याबाईंनी टाकला. "मागं बघू नको गं पुष्पा," मला म्हणाल्या. मागे बघायला होतं काय? जमीन सुटली होती. मी उमाच्या ओठांवर नजर ठेवली. गुलाबी होते, थोडे फिके. ती झोपली होती.

हवाईसुंदरी गोळ्यांचा आणि कापसाचा ट्रे घेऊन आली. उमाकडे पाहून वाकली आणि हिंदीत म्हणाली, उतरताना बाळाला दूध पाजा, कान फार दुखतात, लहान मुलं त्यानेच रडतात. सहज सांगून ती पुढे गेली.

आत्याबाई पुढे बघत होत्या. "ऐकलं मी," म्हणाल्या. "पर उतरताना तर शीवच शीव."

"हो, आत्याबाई."

"तू शबूद दिलाय."

"हो."

त्यानंतर मला दुसरं काही सुचेचना. आत्ताच पाजून ठेवावं तर ती झोपलेली. उठवलं तर रडेल. नाही उठवलं तर उतरताना उठेल. पाऊण तासातली किती मिनिटं गेली ते कळत नव्हतं. माझ्या हातात घड्याळ नव्हतं आणि अण्णासाहेबांना विचारायला तोंड उघडत नव्हतं.

"मावशी, गंगा," अण्णासाहेब काचेकडे बोट करून म्हणाले. "शहागडच्या पुलावरून पैसा टाकतो ना आपण, तीच."

"एवढीशी?" आत्याबाई वाकल्या. "ही तर करगोट्याचा दोरा झाली." तरी दुसरा तुकडा त्यांनी ओवाळलाच. तो पिशवीत पडतो न पडतो तोच विमान खाली गेलं. विहिरीत पोहरा सुटावा तसं. मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. डोक्यावरचं झाकण फटकन उघडलं आणि कुणाची तरी बॅग मधल्या वाटेत आपटली. उमा जागी झाली. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं, खालचा ओठ काढला. मी करंगळी तिच्या तोंडात दिली. ती चोखत राहिली, पण कपाळावर आठी होती; फसवणूक कळत असल्यासारखी.

घाटाचा तुकडा झाला. मग पांढऱ्या ढगांतून वाट निघाली आणि खाली राखाडी पाणी दिसलं. समुद्राचा तुकडा झाला. हवाईसुंदरी सगळ्यांची उष्टी-खरकटी गोळा करत आली आणि आत्याबाईंच्या हातातली पिशवीही घेऊन गेली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "पीडा गेली. एकच राह्यला आता."

पण विमान उतरेना.

डाव्या अंगावर कललं. काचेत समुद्र. मग इमारती. मग पुन्हा समुद्र.

"गर्दी असंल खाली," अण्णासाहेब म्हणाले. "घिरट्या घालून राह्यला तो. व्हतं असं." पण आता ते हसत नव्हते. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"हे पाणी, ही जमीन, फिरून पाणी," आत्याबाई पुटपुटल्या. "किती शिवा झाल्या, पुष्पा?"

माझ्या कानात दडा बसला, मग आतून सुई टोचल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी उमाने करंगळी थुंकून टाकली.

ती रडली ते नेहमीसारखं नव्हतं. लांब, टोकदार, श्वास न घेता. मी थोपटलं, उभी धरली. गुडघे पोटाशी दाबले. "उमू, उमू, माझी बाई." ओठ फिके झाले. मग राखी. मग कडेकडेने ती निळी रेघ, जी मला झोपेतही दिसायची. नखं पाहायचं मला धैर्य नव्हतं. मी पाहिली.

दूध तर माझ्याजवळच होतं. माझी चोळी भिजून गार झाली होती. एक गाठ सोडायची, बास. आणि माझा हात उठत नव्हता, कारण शब्द मी उमाच्याच टाळूवर हात ठेवून दिला होता. पाजलं आणि ठसका लागला तर? या घिरट्यांत, या खडखडाटात, एका धक्क्यात? राजूरच्या वाटेवर झालं तसंच झालं तर?

"आत्याबाई," मी म्हणाले. मला वाटतं मी ओरडलेच. "आत्याबाई, निळी पडली!"

त्यांनी उमाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ती विमानाची नव्हती. चाळीस वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. मग त्यांनी स्वतःचा पदर सोडला, माझ्या खांद्यावरून उमावर ओढला आणि म्हणाल्या, "पाज."

"पण शीव..."

"शीव माझ्या डोक्यावर. पाज म्हन्ते ना! डोकं वर धर तिचं. मी धरते."

मी गाठ सोडली. उमाला आधी धरताच येईना. तोंड सुटे, रडे, पुन्हा सुटे. आत्याबाईंनी तळवा तिच्या मानेखाली घातला आणि एवढासाही हलू दिला नाही. विमान हललं, त्यांचा हात हलला नाही. मग एक घुटका. थांबली. मी श्वास धरला. दुसरा घुटका. नाकाने श्वास घेतल्याचा बारीक आवाज आला, आणि मग ती पीतच राहिली.

अण्णासाहेब काचेकडे तोंड करून बसले होते. "मावशी, जमीन आली," एवढंच म्हणाले.

आत्याबाईंनी मोकळ्या हाताने फडक्यातला पाचवा तुकडा काढला. उमावरून फिरवला. मग माझ्यावरूनही फिरवला, तीनदा. हात थांबला. पिशवी गेली होती. काच उघडत नव्हती. खाली टाकावा तर आमच्याच पायांशी पडणार.

चाकं आपटली. सगळं विमान करकरलं. वरची झाकणं उघडली, कुणीतरी रडलं. मी उमाचे ओठ बघत होते, आणि रेघ हळूहळू विरत होती. म्हणून मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातूनच दिसलं. आत्याबाईंनी तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. डोळे मिटून, सावकाश चावला आणि गिळला.

मी त्यांचं मनगट धरलं, पण तोवर तो गेला होता.

"गप," त्या म्हणाल्या. "पोरीकडं बघ."

गजानन बाहेर गजांना धरून उभे होते. उमाला माझ्याकडून घेतलं, तिची नखं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते आईकडे वळले.

"आई, तोंड किती उतरलंय तुझं. काही खाल्लंस का नाही?"

"खाल्लं रे," आत्याबाई म्हणाल्या. "भाकर खाल्ली. चल, दवाखाना गाठू आधी."

आणि पदर नीट करून त्या पुढे चालू लागल्या. मी मागे राहिले, त्यांच्या प्रत्येक पावलाकडे बघत.