पंख्याची मोटर

"वहिनी, उद्या संध्याकाळपर्यंत झालीच पाहिजे. नाताळ आठ दिवसांवर आलाय, ॲन्सेल्म अंकल माझा जीव खाईल," जितेंद्र म्हणाला. टेम्पोतून उतरवलेली मोटर हमालांनी मनोरमेच्या गाळ्यात आणून ठेवली.

मनोरमेने आधी मोटरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे ती नऊ वर्षांत नीट शिकली होती. हातातली पक्कड तेवढी तिने खाली ठेवली.

"कुठली म्हणायची ही?" तिने साळसूदपणे विचारलं.

"बेकरीची. पीठ मळायच्या मशीनची, दोन स्पीडवाली. अंकलची आधीची बंद पडली. ही माझ्या माळ्यावर पडून होती, चांगली होती एकदम. लावली नि दहा दिवसांत जळली. लाइटचा प्रॉब्लेम असणार, दुसरं काय! तुम्ही डोकं लावू नका. जशी निघेल तशी भरा, बस्स."

जशी निघेल तशी भरायची. गोखिवऱ्याच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत मोटरी भरणाऱ्यांचा सगळा धर्म या चार शब्दांत होता. जळलेली तार काढायची, वेढे मोजायचे, जोडण्या कागदावर उतरवायच्या आणि नवी तार तश्शीच बसवायची. कुठल्या यंत्राची, कुणी निवडली, योग्य निवडली का, हे विचारणं भरणाऱ्याचं काम नाही. मनोरमेचा नवरा चंद्रहास याच धर्माला प्रामाणिक राहिला होता, आणि त्यातच तो गेला. म्हणजे तसा जिवंत होता, चांगला धडधाकट होता. पण गेला होता.

ब्याण्णव सालच्या डिसेंबरात तो जितेंद्रच्याच वर्कशॉपमध्ये कामाला होता. इस्टेटीत त्याच्यासारखा हात नाही असं लोक म्हणायचे, आणि जितेंद्रही चारचौघांत ते मिरवायचा. तेव्हा याच ॲन्सेल्मच्या बेकरीसाठी जितेंद्रने भंगारातून एक दोन स्पीडची मोटर आणली. ती जळली. तिच्यावर माहितीची प्लेट नव्हती, स्क्रूंची नुसती भोकं होती. चंद्रहासने निघाली तशी भरली. पुन्हा जळली. पुन्हा भरली. तिसऱ्यांदा जळली ती नाताळच्या आदल्या दिवशी, आत चाळीस किलो पीठ असताना. मग जितेंद्रने त्याला बेकरीत नेलं, पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसमोर उभं केलं आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "ह्याचा हात गेलाय. माझी काय चूक नाय. काय रे, चुकलास ना? हात जोड अंकलला." चंद्रहासने हात जोडले.

त्या दिवसापासून इस्टेटीत त्याचं नाव 'जळका' पडलं. पुढे त्याने दोन ठिकाणी काम करून पाहिलं. पण वेढे चार-चार वेळा मोजायचा, झालेली कॉइल उकलून पुन्हा गुंडाळायचा, तळहाताला घाम सुटला की तार निसटायची. शेवटी त्याने तार सोडली ती सोडलीच, आणि चंदनसारच्या एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागला. जितेंद्रबद्दल तो कधी वावगा शब्द बोलला नाही. "माझाच हात चुकला असेल गं," एवढंच म्हणायचा.

मनोरमेने मात्र डूख धरला. घर चालवायला ती मोटरींच्या एका कारखान्यात कॉइल गुंडाळायला लागली आणि तिथे तिचे डोळे उघडले. टेस्टिंगच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता होता. दोन स्पीडच्या मोटरी सगळ्या एका जातीच्या नसतात, हे त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. काही पंख्यासाठी असतात, त्या हळू फिरल्या की त्यांचा जोर पार उतरतो. काही लिफ्टसाठी, पीठ मळण्यासाठी असतात, त्या दोन्ही स्पीडला सारख्याच ताकदीने ओढतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्या संध्याकाळी ती धावत घरी आली.

"अहो, ती पंख्याची मोटर होती! तुमचा हात नाही चुकला!"

"प्लेट नव्हती तिला," चंद्रहास म्हणाला. "तुला काय माहीत? ज्याने मोटर बघितली पण नाही, त्याने बोलू नये." आणि जेवायला बसला.

पुरावा हवा होता. आणि तिला आठवलं, तोच एकदा बोलता बोलता म्हणाला होता की भंगारातून तशा दोन आल्या होत्या, जुळ्या. दुसरी जितेंद्रच्या माळ्यावर टाकली होती. तेवढं तिला पुरलं. तिने कारखाना सोडला, गाळा भाड्याने घेतला आणि पहिलं काम मागायला गेली ती जितेंद्रच्याच दारात. त्याच्या पंपाच्या, गिरणीच्या मोटरी वेळेवर आणि कमी भावात भरून दिल्या, 'जितेंद्रशेठ, जितेंद्रशेठ' करत चहा पाजला. आजूबाजूचे म्हणाले, बाईला लाज नाही. म्हणोत बापडे. तीन वर्षं ती त्या माळ्यावरच्या मोटरीची वाट बघत होती, आणि आज ती आपल्या पायाने चालत आली होती!

तिने चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि मोटरीच्या कुशीवरचा हिरवा रंग घासायला लागली. आळशी माणूस! या वेळी प्लेट काढायचेही कष्ट घेतले नव्हते, वरून रंग फासला होता.

"ते कशाला?" जितेंद्रचा आवाज जरा चढला. "वहिनी, भरायची आहे, धुवायची नाय."

मनोरमा घासत राहिली. अक्षरं वर आली. तिने ती दोनदा वाचली, स्क्रू ड्रायव्हरने प्लेट उचकटली आणि मुठीत धरली.

"चढवा टेम्पोत," ती म्हणाली. "बेकरीत जाऊ."

"डोकं फिरलंय का तुमचं? द्या ती मोटर इकडे, मी दुसऱ्याकडून भरून घेतो."

"न्या की. नाताळच्या तोंडावर कोण हात लावतंय ते बघा. प्लेट माझ्याकडे आहे. तुम्ही दुसरं दुकान शोधेपर्यंत मी रिक्षाने ॲन्सेल्म अंकलकडे पोचते. मग मी एकटी बोलेन. चालेल?"

जितेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. आपण सोबत असलो तर निदान सारवासारव करता येईल, असा हिशेब करून तो मुकाट टेम्पोत बसला.

बेकरीत मशीन बंद असल्यामुळे चौघे गडी परातींत हाताने पीठ मळत होते. ॲन्सेल्म स्वतः कोपरापर्यंत पिठात होता. त्याची बायको रोझलिन गल्ल्यावर होती आणि समोर पाव घ्यायला पाच-सहा माणसं उभी होती. मनोरमेला ती पाच-सहा माणसं बघून फार बरं वाटलं.

"झाली भरून?" ॲन्सेल्मने विचारलं.

"नाही अंकल. आधी जरा ऐका." तिने प्लेट जितेंद्रपुढे धरली. "वाचा."

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने. त्या दिवशी आवाज चांगला होता तुमचा."

जितेंद्रने इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. "फास्टला साडेसात घोडे," हॉर्सपॉवरच्या आकड्यावर बोट ठेवत तो म्हणाला. "स्लोला... दीड."

"खाली काय लिहिलंय?"

"फॅनसाठी."

"म्हणजे काय, बाय?" ॲन्सेल्म हात पुसत पुढे आला.

"अंकल, पंखा हळू फिरवला की त्याला जोर लागत नाही, हवाच तर कापायची. म्हणून ही मोटर हळू स्पीडला दीड घोड्याची. पण तुमचं पीठ हळू फिरतं तेव्हाच सगळ्यात जड असतं, पाणी मुरलेलं नसतं. तिथे लागतात चार, साडेचार घोडे. ती जळेल नाहीतर काय करेल? देवाने येऊन भरली असती तरी जळली असती."

"आणि ती आधीची? चंद्रहासने भरलेली?"

"हिची जुळी. हिची प्लेट रंगवली, तिची काढूनच टाकली होती. माझ्या नवऱ्याला सांगितलं, पीठ मळायच्या मशीनची आहे, जशी निघेल तशी भर. विचारा ना यांनाच, समोर उभे आहेत."

"अंकल, धंद्यात थोडं इकडेतिकडे होतं," जितेंद्र म्हणाला. "दोन स्पीड पाहिजे होते, दोन स्पीड दिले. मला काय माहीत एवढा फरक पडेल..."

"माहीत नव्हतं तर प्लेट का काढली रे?" ॲन्सेल्म म्हणाला.

गल्ल्यावरची रोझलिन उभी राहिली होती. "चंद्रहासने माझ्यासमोर हात जोडलेले," ती हळूच म्हणाली. "नि मी तोंड फिरवलं."

मनोरमा जितेंद्रच्या अगदी जवळ गेली. "आता तुम्ही जोडा. आणि सांगा सगळ्यांना, कोणाचा हात गेला होता."

जितेंद्रने हात जोडले. मान खाली घालून म्हणाला, "चंद्रहासची चूक नव्हती. माझी होती." रांगेतल्या एका बाईने हातातली पिशवी खाली ठेवून नीट ऐकलं. मनोरमेने तो एकेक शब्द चघळून घेतला. इतकं गोड तिला स्वतःच्या लग्नातलं जेवणही लागलं नव्हतं.

"ह्या दारात परत पाय ठेवायचा नाय," ॲन्सेल्मने त्याला सांगितलं. "नि माणिकपूरपासून पापडीपर्यंत सगळ्या बेकऱ्यांना मी स्वतः सांगणार." जितेंद्र मोटर तिथेच टाकून गेला. ॲन्सेल्म मग मनोरमेकडे वळला. "बाय, आमचं पन चुकलं. आता नाताळचं काय करू ते सांग."

तिने पावाच्या कागदावर लिहून दिलं: हळू नि जलद, दोन्ही स्पीडला सारखी ओढणारी, हळूला किमान साडेचार घोडे. "नवीच घ्या. मिळायला नवीन वर्ष उजाडेल."

"तोवर?"

"तोवर मळा हाताने," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. त्याच्या भरून आलेल्या दंडांची तिला यत्किंचितही दया आली नाही. त्या दिवशी तोही तिथेच उभा होता.

घरी यायला तिने रिक्षा केली. चंद्रहासची ड्यूटी सातची, त्याआधी पोचायचं होतं. तो बनियनवर उभा राहून डब्यात चपात्या भरत होता. तिने प्लेट त्याच्या हातात ठेवली आणि धापा टाकत सगळं सांगितलं. जितेंद्रने कसं वाचलं, कसे हात जोडले, रोझलिन काय म्हणाली, रांगेत किती माणसं होती. सांगताना ती हसत होती. तो ओरडेल, रडेल, निदान जितेंद्रला एक सणसणीत शिवी घालेल, या क्षणासाठी तर तिने नऊ वर्षं काढली होती.

चंद्रहास प्लेट उजेडाकडे धरून बराच वेळ वाचत राहिला.

"दीड," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्याला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर प्लेट काढली!"

"म्हणजे मी बरोबर भरली होती. तिन्ही वेळा."

"तेच तर सांगतेय केव्हाची!"

तो खाटेवर बसला. आपले हात त्याने मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. "मी बेचाळीसचा होतो तेव्हा," तो म्हणाला. "चूक माझी होती तोवर बरं होतं, मनोरमा. चूक केली, शिक्षा भोगतोय, असं म्हणून निभत होतं. आता काय म्हणू?"

मनोरमेचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि मग हळूहळू गेलं. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"पावणेसात झाले," चंद्रहास म्हणाला. उठून त्याने खुंटीवरचा खाकी शर्ट अंगात घातला. वरचं बटण त्याने दुसऱ्याच काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. तळहाताला घाम आला होता, बटण निसटत होतं. मनोरमा पुढे झाली. तो लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा राहिला आणि तिने खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावून दिलं.