आकलनाचे गुण

पेन्सिलची साल तुटली नाही, एवढंच अक्षताच्या ध्यानात आलं. शार्पनरमधून निघून, मोनालीच्या बोटांवरून लोंबत, लाल किनारीचे वेढे घेत ती टेबलापर्यंत पोचली होती, आणि तरी पोरगी टोक करीतच होती. तोंडी परीक्षेला पेन्सिल लागत नाही. हे तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं की पेन्सिल ठेवावी लागणार, उतारा हातात घ्यावा लागणार, आणि मग... परीक्षा घेणारीच वेळ काढत बसली होती.

वर्गात दोघीच. पाचवीची बाकीची मुलं वडीगोद्रीच्या शाळेत सहावीला नाव घालून मोकळी झाली होती. ही शाळा पाचवीपर्यंतच. एकटी मोनाली मराठीत अडकली. पाचवीत आता आपोआप वर चढवत नाहीत, फेरपरीक्षा घ्यायची, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसवायचं. लेखी पेपर सकाळी तपासून झाला होता, आणि तो असा की नापास म्हणवत नव्हतं, पास करवत नव्हतं. सगळं येऊन थांबलं होतं तोंडीच्या दहा गुणांवर. ते द्यायचे होते अक्षताने.

मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता. पालथा ठेवला म्हणून आतला मेसेज काही पुसला जात नव्हता. ‘तुझ्या बदलीची ऑर्डर आली. बदनापूरच!!! प्रियाला सांगितलं, नाचतेय.’ नवऱ्याने तीन उद्गारचिन्हं दिली होती. एरवी सुमित पूर्णविरामसुद्धा देत नाही. तीन वर्षांची प्रिया झोपेत असताना घर सोडायचं, बदनापूर ते जालना, जालन्याहून अंबडवरून इकडे, संध्याकाळी तेच उलटं, आणि घरी पोचावं तर पोरगी आजीच्या मांडीवर पेंगतेय... आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जीव भांड्यात पडला माझा. बसमध्येच रडू आलं, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. ऑर्डरचं फक्त राजानंद सरांना सांगितलं होतं. ते शाळेचे मुख्याध्यापक, आणि अक्षता गेली की दुसरं कुणी येईपर्यंत पाचही वर्गांचे एकटे मास्तर.

“बरं झालं मॅडम, लेकराचे हाल चालले होते तुमच्या,” ते मनापासून म्हणाले होते. मग दाराकडे बघून, आवाज उतरवून, “ते मोनालीचं तेवढं उरकून टाका. द्या वर ढकलून. पोरी सगळ्या एका टेंपोत जाऊन राह्यल्यात. हिच्या मागं चौथीत नुसते पोरं हायेत. पुढच्या साली हिला एकटीला हायवेवर कोण धाडणार? आज थांबली म्हणजे थांबलीच.”

“आणि सहावीत जाऊन काय करील सर? विज्ञान, इतिहास, सगळं वाचून समजून घ्यायचं असतं तिथं. नुसती मान खाली घालून बसेल.”

“बसू द्या ना. शाळेत तर बसंल.”

तिला रागच आला होता. सर चुकीचे असते तर किती सोपं झालं असतं.

“वाच,” ती मोनालीला म्हणाली. आवाज उगाच करडा लागला.

मोनालीने वाचलं. घडाघडा. घड्याळ लावून वाचायची सवय या सगळ्या मुलांना पहिलीपासून लागलेली, मिनिटाला किती शब्द ते मोजायचं, साहेब आले की वाचून दाखवायचं, साहेब खूश. जोडाक्षरावर ती अडखळली नाही. गंगू नावाची बाई गायीची धार काढते, तीन सडं पिळते, चौथ्याला हात लावत नाही, दाव्याला बांधलेलं वासरू ओढ घेत असतं, एवढाच उतारा.

“छान. गंगूने चौथ्या सडाला हात का नाही लावला?”

“चौथ्या सडाला तिने हात लावला नाही.”

“ते झालं. पण का?”

मोनालीचं बोट ओळींवरून फिरायला लागलं. वरून खाली, पुन्हा वरून. प्रश्नातले शब्द जिथे सापडतील तिथलं वाक्य उचलून द्यायचं, हीच तिची रीत. लेखी पेपरातही पानभर तेच केलं होतं. इथे थांबायचं असतं. मदत केली तर ती परीक्षा राहत नाही...

“तुमच्या घरी शेळी आहे ना गं?”

“हाय. दोन पिल्लं झाले तिला.”

“धार कोण काढतं?”

“मीच की. मम्मी धाब्यावर ऱ्हाती.”

“सगळं दूध काढतेस?”

“न्हाई!” पोरगी पहिल्यांदा वर बघून बोलली, अशा स्वरात की एवढंही कळत नाही का बाईंना. “पिल्लायला ठिवावं लागतं ना. न्हाईतर ते काय पितील?”

“मग गंगूने का ठेवलं?”

मोनालीने पुन्हा उताऱ्याकडे पाहिलं. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, तिथून कोऱ्या कागदावर उतरलं. “यात न्हाई लिव्हलेलं ते,” ती हळूच म्हणाली.

अक्षता बघत राहिली. उंबऱ्यात उभी आहे ही. घरचं घरी आणि पुस्तकातलं पुस्तकात, मध्ये कुणी दार उघडून दिलेलं नाही, एवढंच. दिवाळीपर्यंत... रोज तासभर घेऊन बसलं तर दिवाळीपर्यंत ही वाचायला लागेल, खरंखुरं वाचायला. मूल जिथे आहे तिथून त्याला पुढे न्या, असं जालन्याच्या प्रशिक्षणात नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाबद्दल सांगत होते तेव्हा शेजारच्या बाया मोबाइल बघत होत्या आणि तिने मात्र मान डोलावली होती. तिला ते पटलं होतं, अजून पटतं. पालकसभेत तिनेच ठासून सांगितलं होतं, थांबणं म्हणजे नापास होणं नाही, मी आहे, मी करून घेईन. मी, मी... अभ्यासक्रमात तर शिक्षक एवढंच लिहिलेलं असतं, कोणता ते नसतं. जो येईल तो करून घेईल. आणि कुणी आलंच नाही तर?

म्हणजे द्यावेत गुण. उत्तर आलं होतं की तिला, शेळीचं का होईना. देऊन टाकावेत आणि सुटावं... पण सुटणार कोण? ही, की मी?

दारात बेबीनंदा उभी होती, मोनालीची आई. धाब्यावर भाकऱ्या थापून तशीच आलेली, कोपरापर्यंत पीठ. आता ही हात जोडणार, करा म्हणणार पास, सगळ्या पोरी चालल्या म्हणणार, आणि आपण... आपल्याला ते हवंच होतं, हे अक्षताच्या त्याच क्षणी लक्षात आलं. कुणी तरी गळ घालावी आणि आपण विरघळावं.

“झालं का म्याडम?”

“होत आलंय.”

बेबीनंदाने लेकीकडे पाहिलं, मग पदराला हात पुसत आत आली. “लोकं लई बोलून राह्यले मला. पोरीला मागं ठिवू नको म्हणतेत. म्या म्हणलं, म्याडमनं मीटिंगमधी सांगितलंय, थांबल्यानं पोरगी बिघडत न्हाई, पक्की व्हती.” ती थांबली. “माझं तर वाचायचंच राहून गेलं. हिचं कच्चं नका ठिवू. ठिवायची तर खुशाल ठिवा वर्षभर. पुढच्या साली म्या सोताच नेऊन घालीन हिला सहावीत, खाडा पडला तर पडला. तुम्ही हायेत ना?”

पंखा फिरत होता. मोनालीही बघत होती. नाही म्हणायला किती लागतं, एक शब्द. हो म्हणायलाही तेवढाच. अक्षताने तोंड उघडलं, आणि तेवढ्या वेळात बेबीनंदाच्या चेहऱ्यावर हसू पसरून गेलंही.

“मंग काय काळजी न्हाई बघा,” ती लेकीच्या पाठीवर थाप मारत म्हणाली. “म्याडम हायेत.”

संतापच आला अक्षताला. या बाईचा, तिच्या पिठाच्या हातांचा, न विचारता ठेवलेल्या भरवशाचा. भांडली असती, रडली असती, संशय तरी घेतला असता! पेनाचं टोपण तिने काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मायलेकी समोर निवांत उभ्या होत्या, आणि पुढे केव्हा तरी बदलीचं सांगावंच लागेल असं नव्हे, आत्ताच सांगावं लागेल, हे कळूनही तिला त्या दोघींपैकी कुणाकडेच बघता येत नव्हतं.