जरा अजून फाटका हवा

मी एक तंबू बोलतोय. नाक मुरडू नका. तंबू म्हटलं की तुम्हाला सर्कस आठवते नाहीतर सहल. मी त्यातला नाही. मी संकटकाळासाठी शिवलेला, जाड कापडाचा, चार माणसं आणि त्यांची भांडीकुंडी पोटात घेईल एवढा तंबू आहे. तरीही मी एकदा स्टेजवर काम केलंय. माझ्या मनाविरुद्ध केलंय, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शिवणयंत्रांच्या खडखडाटात माझ्या अंगावर दुहेरी शिवण पडली, कडांना दोऱ्या आल्या. मग मला अंगणात उभं करून वरून पाण्याचा पाइप सोडला. तपासणारा गृहस्थ आत स्टुलावर वर्तमानपत्र वाचत बसला होता. बराच वेळ पाणी कोसळलं. तो बाहेर आला, वर्तमानपत्र चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "कोरडं आहे. पास." पुढे माझ्यासाठी टाळ्यांचा कडकडाटही झाला, पण त्या एका शब्दाची सर त्याला नव्हती.

मग गोदामात पडून राहिलो. तंबूनं पडून राहणं ही तशी चांगली गोष्ट. आपल्याला बाहेर काढलं म्हणजे कुणाचं तरी घर गेलं, एवढं आम्हाला कळतं.

तसंच झालं. समुद्रकाठच्या एका वस्तीवर वादळ आलं आणि घरांची छपरं उडवून नेली. आम्ही सगळे ट्रकमधून तिकडे निघालो. मी ज्या बाईच्या वाट्याला आलो ती बेकरीत पाव भाजायची. नवरा पूर्वीच गेलेला, बेकरीची भट्टी आता वाळूत गाडलेली. घरात ती आणि तिचा सासरा. म्हातारा जन्मभर होडी चालवत आलेला, आता छातीनं अधू. ओल लागली की खोकल्यानं वाकडा व्हायचा. दोघं शाळेच्या एका वर्गात राहत होती, आणि सोमवारी शाळा सुरू होणार म्हणून वर्ग रिकामा करायचा होता. डॉक्टरनं बाईला बजावलं होतं, "यांना कोरड्यात ठेवा. पुन्हा भिजले तर माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही." म्हणून मला पाहिल्याबरोबर बाईचा जीव भांड्यात पडला. तिनं माझी शिवण बोटानं ओढून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, चांगला आहे हो!"

मी अजून धड उलगडलोही नव्हतो, तोच एक मोटार येऊन थांबली. तिच्यातून उतरल्या अध्यक्षबाई. शहरातल्या बड्या मंडळींनी वादळग्रस्तांच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम ठरवला होता, त्याच्या या अध्यक्ष. त्यांचा आवाज कायम दाटून आलेला असे. तो कधीच मोकळा झालेला मी ऐकला नाही, फक्त जेवणाची ऑर्डर देताना ऐकला.

"स्टेजवर खराखुरा तंबू हवाय आम्हाला," त्या म्हणाल्या. "लोकांच्या काळजाला भिडलं पाहिजे ना! रविवारी कार्यक्रम, सोमवारी परत."

"पण मॅडम, तो आमच्या नावावर लागलाय."

"तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

बेकरीवाली वस्ताद होती. ती म्हणाली, "मग आम्हीही सोबत येतो. तंबू माझ्या नजरेआड व्हायचा नाही." अध्यक्षबाईंना हे भलतंच आवडलं. खरा तंबू मिळाला होता, आता खरी माणसंही मिळाली.

रविवारी सकाळी आम्ही नाट्यगृहात पोचलो. बेकरीवालीनं शेजारणीकडून धुतलेले, इस्त्रीचे कपडे मागून आणले होते. चारचौघांत जायचं म्हणून म्हाताऱ्याची दाढीही करून आणली होती. अध्यक्षबाईंनी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, असे नाही. तुम्ही वादळातून आलात ना?"

"म्हणून काय घाणेरडे येऊ?" म्हाताऱ्यानं विचारलं.

त्यांना कपडेपटात नेलं. तिथे कुठल्याशा नाटकातल्या भिकाऱ्यांचे कपडे टांगलेले होते, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे. ते यांच्या अंगावर चढवले. दाढी पुन्हा उगवणं शक्य नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याच्या गालांना काजळी फासली.

इकडे माझी पाळी आली होती. नेपथ्यकार म्हणून एक गृहस्थ होते, गळ्यात मफलर, डोळ्यांवर गॉगल, तोही नाट्यगृहाच्या आत. त्यांनी मला उभं केलं, दहाव्या रांगेत जाऊन बसले आणि मान हलवली.

"छे! फारच नवा आहे. सहलीला आल्यासारखा वाटतो."

चहाचा चोथा आणून माझ्या अंगाला चोळला. पुन्हा दहावी रांग. "अजून नाही." बुटानं माझ्या भिंतीवर चिखल थापला. पुन्हा दहावी रांग. "जरा अजून फाटका हवा." आणि त्यांनी कात्री घेतली.

माझ्या बाजूच्या कापडाला त्यांनी हातभर चीर दिली. पाण्याच्या पाइपाला जे जमलं नव्हतं ते एका कलावंतानं चुटकीसरशी केलं. तेवढ्यात बेकरीवाली कपडेपटातून बाहेर आली आणि ओरडत धावली.

"अहो दादा! काय करताय? उद्यापासून आम्हाला यातच राहायचंय!"

"काळजी करू नका," नेपथ्यकार मायेनं म्हणाले. "प्रेक्षकांना कात्रीचं वाटणार नाही. वाऱ्यानं फाटल्यासारखंच दिसेल."

"प्रेक्षकांचं नाही हो, पावसाचं म्हणतेय मी!"

पाऊस हा शब्द त्यांना भावला असावा, कारण ते वर पाहू लागले. मग त्यांनी शिडी मागवली. छताला मधोमध परातीएवढं भोक पाडायचं आणि त्यातून निळ्या दिव्याचा झोत आत सोडायचा, अशी कल्पना त्यांना सुचली होती. त्याला ते आशेचा किरण म्हणत होते. बेकरीवालीनं शिडी अडवून धरली, हात जोडले, शेवटी अध्यक्षबाईंकडे धाव घेतली. अध्यक्षबाई मात्र तोवर पडलेल्या भोकातून आलेला निळा उजेड पाहून डोळे टिपत उभ्या होत्या.

"किती खरं वाटतंय!" त्या म्हणाल्या.

मला तोंड असतं तर त्या दिवशी मी शिव्या दिल्या असत्या. एका माणसाचं कोरडं अंथरूण कापून टाकायचं आणि वर त्याच्याच नावानं रडायचं, याला जाड कापड लागतं. माझ्यापेक्षा जाड.

संध्याकाळी पडदा उघडला. म्हातारा माझ्या पोटात बाकावर, बेकरीवाली दाराशी. तिला हसायचं नाही अशी सक्त ताकीद होती, जणू ती हसण्याच्या बेतातच होती. पुढे मोठे गायक गात होते. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू? मात्र दर दोन गाण्यांमागे ते आपल्या मनाची हळहळ सांगत, आणि ती गाण्यांपेक्षा लांब असे.

शेवटच्या गाण्याला वातावरण हवं म्हणून यंत्रातून धूर सोडला. तो थेट माझ्यात शिरला. म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. तो बाकावरून अर्धा खाली घसरला, बेकरीवाली त्याची पाठ चोळू लागली. तिनं विंगेकडे पाहून हातानं खुणा केल्या, धूर बंद करा, धूर बंद करा. विंगेत अध्यक्षबाई होत्या. त्यांनीही हातानं खूण केली आणि एक माणूस वाकत वाकत येऊन म्हाताऱ्यापुढे माइक ठेवून गेला.

खोकला सगळ्या सभागृहात घुमला. प्रेक्षक उभे राहिले. मघाशी सांगितला तो टाळ्यांचा कडकडाट हाच.

पैसे किती जमले ते मला ठाऊक नाही. मी तंबू आहे, हिशेबनीस नाही. मला घडी घालून, लाल फीत बांधून पुन्हा बेकरीवालीच्या हातात दिलं, तेव्हा खूप फोटो निघाले. माझ्याच मालकिणीला मला भेट देण्यात आलं. नाट्यगृहाच्या माणसांनी मळलेला म्हणून मला कार्यक्रमाच्या जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळलं आणि टेम्पोत टाकलं. त्या फ्लेक्सवर अध्यक्षबाईंचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा होता. वादळग्रस्तांचा उल्लेख खाली कोपऱ्यात होता.

सोमवारी मी वस्तीत उभा राहिलो. गुरुवारी पाऊस आला. बाजूची चीर बेकरीवालीनं जाड दोऱ्यानं टाचली होती, पण छताचं भोक तिला टाचता येईना, कापडच उरलं नव्हतं. अंथरूण सरकवायलाही जागा नव्हती, पाणी थेट म्हाताऱ्याच्या छातीवर पडू लागलं.

"सूनबाई," तो म्हणाला, "आशेचा किरण गळतोय. बादली ठेव."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिनं अध्यक्षबाईंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "अहो, नवाकोरा तंबू दिला होता तुम्हाला! नीट वापरायला नको का?" मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती, आणि चूक माझी नव्हती.

बेकरीवालीनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि माझ्या बांधणीचा तो फ्लेक्स शोधून काढला. त्यात पावसाला टिकेल असा धडका भाग एकच होता, अध्यक्षबाईंचा चेहरा. कपाळापासून हनुवटीपर्यंत तो कापून तिनं ठिगळ तयार केलं आणि छताला आतून धरून पाहिलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले तर वरून अध्यक्षबाई गहिवरून त्याच्याकडे पाहत होत्या.

"उलटं लाव गं," तो म्हणाला. "तोंड आभाळाकडे कर. थोडा पाऊस त्यांनाही लागू दे."

तिनं तसंच लावलं आणि गळती थांबली. म्हाताऱ्यानं तो पावसाळा काढला. खोकत काढला, पण काढला.

वर्ष झालं. यांचं घर अजून पायाच्या वर आलेलं नाही, म्हणून मीही अजून उभाच आहे. उन्हानं विटलोय, दोऱ्या कुजायला आल्यात. गेल्या आठवड्यात तीच मोटार पुन्हा आली. दूर डोंगरात भूकंप झालाय, तिथल्या लोकांच्या मदतीसाठी कार्यक्रम ठरलाय. नेपथ्यकार उतरले, दहा पावलं मागे गेले, आणि मला पाहून त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"मॅडम, हा बघा! मागच्या वेळी मला अगदी असाच हवा होता!"

मला त्यांनी ओळखलंही नाही. अध्यक्षबाई दाटल्या आवाजात बेकरीवालीला म्हणाल्या, "दोनच दिवस. भूकंपात घरं गेलीत हो लोकांची!"

"त्यांना तंबू पाठवलेत का?"

"आधी कार्यक्रम तर होऊ द्या."

आतून म्हातारा म्हणाला, "न्या की. फक्त गुंडाळताना मला आतच राहू द्या. मागच्या वेळी माझा खोकला फार आवडला होता लोकांना."

नेपथ्यकारांचं लक्षच नव्हतं. ते छताची तपासणी करायला शेजारच्या ओट्यावर चढले होते. तिथून ते अध्यक्षबाईंना म्हणाले, "तुम्ही जरा वर या." त्या चढल्या. वर्षभराच्या उन्हानं ठिगळावरच्या त्यांच्या चेहऱ्याचे ओठ पांढरे झाले होते, एका डोळ्यावर कावळ्यानं आपलं काम उरकलं होतं, आणि गालावरून टाके गेले होते.

"हे... हे काय आहे? काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा!" जेवणाची ऑर्डर सोडली तर त्यांचा आवाज पहिल्यांदाच खणखणीत निघाला.

"काढते ना," बेकरीवाली खालून शांतपणे म्हणाली. "तेवढं छप्पर द्या, लगेच काढते."

मोटार गेली. मला न नेताच गेली.

मंडळी, माझे दिवस आता फार नाहीत. जाता जाता एकच मागणं. गाणी म्हणा, टाळ्या वाजवा, रडायचं तर पोटभर रडा. ज्याच्यासाठी रडताय त्याचं छप्पर मात्र कापू नका. त्याला धुतलेले कपडे घालून यायचं असेल तर येऊ द्या.

आज सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. अध्यक्षबाईंच्या कपाळावर पाणी तडतडलं आणि खाली म्हाताऱ्याचं अंथरूण कोरडं राहिलं. त्या कार्यक्रमातून या घराच्या उपयोगी पडलेली वस्तू म्हणाल, तर ती एवढीच.